आईचं कुंकू आणि १६:९

माझ्या भाच्याची मुंज २००७ च्या मे महिन्यात झाली. चित्रण मीच केलं, चुलतभावाकडून मागून आणलेल्या मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर. तासातासाच्या दोन टेप भरल्या. पुढे एका दुकानात देऊन त्यांची डीव्हीडी करून घेतली. दुकानदाराने आपल्या रुंद एलसीडी टीव्हीवर ती लावून दाखवली तेव्हा सगळं ठीक दिसत होतं. घरी आमच्या ट्यूबच्या टीव्हीवर लावली, तर प्रत्येक माणूस उभा ओढल्यासारखा. बटूचा चेहरा काकडीसारखा, भटजी सडपातळ, मांडवाचे खांब एकमेकांना चिकटलेले. टीव्ही जुना झालाय, असं म्हणून आम्ही विषय सोडून दिला. डीव्हीडी कपाटात गेली आणि वर्षातून एकदोनदा बाहेर निघत राहिली.

आई २०११ मध्ये गेली. भाची तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. तिच्या मनातली आजी बरीचशी या डीव्हीडीतून आलेली. काही वर्षांनी ती सहज म्हणाली, "मामा, आजी केवढी उंच होती ना!" माझी आई ठेंगणी होती. गोल चेहरा, भरलेले गाल, कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. डीव्हीडीत ते कुंकू अंड्यासारखं लांबट दिसत होतं, आणि इतकी वर्षं आम्ही ते तसंच पाहत आलो होतो.

त्या रात्री मी टेपा शोधून काढल्या. बिघाड कुठे झाला हे समजायला दोन दिवस लागले आणि दुरुस्त करायला अर्धा तास. टेपेत काही बिघडलं नव्हतं. डीव्हीडीतलं चित्रसुद्धा शाबूत होतं. चुकली होती ती चित्रासोबत जाणारी एक बारीकशी नोंद. ज्यांच्या कपाटात अशा टेपा नि डिस्का पडून आहेत त्यांना उपयोग होईल म्हणून ही सगळी भानगड मुळापासून सांगतो.

पडद्याची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणाला 'अस्पेक्ट रेशो' म्हणतात. जुना टीव्ही ४:३, म्हणजे उंचीच्या १.३३ पट रुंद. नवा १६:९, म्हणजे १.७८ पट. ४:३ हे प्रमाण टीव्हीच्या फार आधीचं आहे. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर प्रत्येक चौकटीला चार भोकं असा हिशेब बसवला आणि त्यातून ही चौकट निघाली. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला तोही याच सुमाराच्या चौकटीत. टीव्ही आला तेव्हा त्याने सिनेमाचीच चौकट उचलली.

मग टीव्हीने सिनेमाचा प्रेक्षक ओढायला सुरुवात केली आणि १९५० च्या दशकात हॉलिवूडने पडदा रुंद केला. १९५३ चा 'द रोब' हा सिनेमास्कोपमधला पहिला चित्रपट. त्यामागची युक्ती आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे, म्हणून जरा थांबतो. फ्रान्सच्या आंरी क्रेतिएन या शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात एक भिंग तयार केलं होतं. ते समोरचं दृश्य आडव्या दिशेने निम्म्यावर दाबून घेई. फिल्मवर माणसं बारीक आणि उंच उमटत. थिएटरात प्रोजेक्टरला उलट काम करणारं भिंग लावलं की ती पुन्हा पसरून मूळ अंगाची होत. फिल्मची रुंदी तीच, यंत्रं जवळपास तीच, आणि पडदा मात्र भिंतभर. गुरुदत्त यांचा 'कागज़ के फूल' १९५९ मध्ये आला, तो सिनेमास्कोपमधला भारतातला पहिला चित्रपट. व्ही. के. मूर्तींनी टिपलेले त्यातले प्रकाशाचे झोत पाहताना फिल्मच्या पट्टीवर ते दाबलेले आहेत हे कुणाच्या मनातही येत नाही. मात्र प्रोजेक्टरवर उलटं भिंग चढवायला विसरलं, तर आमच्या मुंजीच्या डीव्हीडीसारखी माणसं दिसणार.

१६:९ हा आकडा कुठून आला, हाही प्रश्न मला कैक वर्षं पडला होता. त्याचं उत्तर सुंदर आहे. १९८० च्या दशकात उच्च दर्जाच्या दूरचित्रवाणीसाठी चौकट ठरवायची होती. सिनेमाचे आकार अनेक: १.३३, १.६६, १.८५, २.३५. अमेरिकेतले अभियंते कर्न्स पॉवर्स यांनी या सगळ्या आकारांचे सारख्याच क्षेत्रफळाचे आयत घेतले आणि मध्यबिंदू जुळवून एकमेकांवर ठेवले. त्या सगळ्यांना पोटात घेणारा बाहेरचा आयत १.७७ च्या प्रमाणाचा निघाला, आणि सगळ्यांमध्ये सामाईक असलेला आतला आयतही १.७७ चाच. म्हणजे १६:९ हा कुणाचाच लाडका आकार नव्हता. सगळ्यांना सर्वांत कमी अन्यायाने सामावणारा तो आकार होता. गणितातही तो चपखल बसतो: ४ चा वर्ग १६, ३ चा वर्ग ९.

आता आपल्या टेपेकडे येऊ. भारतात टीव्हीची पाल ही पद्धत. त्यात मिनी डीव्ही कॅमेरा प्रत्येक चौकट ७२० उभे स्तंभ आणि ५७६ आडव्या ओळी अशी साठवतो. डीव्हीडीवरही पूर्ण आकाराचं पाल चित्र तेवढंच, ७२० बाय ५७६. आता ७२० ला ५७६ ने भागा. १.२५ येतं. हे ४:३ नाही आणि १६:९ तर नाहीच. साठवलेलं चित्र कुठल्याच टीव्हीच्या आकाराचं नाही! म्हणजे त्यातला एकेक ठिपका, एकेक पिक्सेल, चौरस नाही. ४:३ दाखवताना तो किंचित आडवा ओढला जातो, सुमारे १.०७ पट. १६:९ दाखवताना बराच ओढला जातो, सुमारे १.४२ पट. ठिपके तेवढेच आणि त्यांची माहितीही तेवढीच. रुंद चित्राला डिस्कवर जादा जागा लागेल अशी भीती काहींना वाटते, ती निराधार आहे. क्रेतिएनच्या भिंगाने जे काचेत केलं ते इथे आकड्यांत होतं.

(चोखंदळ वाचकांसाठी: ७२० पैकी खरं दृश्य सुमारे ७०२ स्तंभांतच असतं, बाकीचे कडेचे राखीव. त्यामुळे वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठिपक्याच्या आकाराचे आकडे थोडे वेगळे दिसतात. फरक अडीच टक्क्यांच्या आसपासचा आहे. त्यावर रात्र घालवू नये.)

मग हे चित्र किती ओढायचं ते टीव्हीला कसं कळतं? चित्रात कुठेही ते लिहिलेलं नसतं. चित्रासोबत एक चिठ्ठी जाते: 'हे ४:३ आहे' किंवा 'हे १६:९ आहे'. इंग्रजीत तिला 'फ्लॅग' म्हणतात, मला चिठ्ठी हा शब्द जास्त पटतो. टेपेवर डीव्हीच्या माहितीबरोबर ही चिठ्ठी नोंदलेली असते. डीव्हीडीवर ती दोन जागी असते. एक, व्हिडिओच्या एमपेग-२ प्रवाहात थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा. दुसरी, 'आयएफओ' नावाच्या लहानशा फाइलीत, जिच्यात डिस्कची अनुक्रमणिका असते. या दोन चिठ्ठ्यांचं म्हणणं एक असायला हवं. नसेल तर टीव्हीखालचा प्लेअर एकीचं ऐकतो, संगणकावरचा प्रोग्रॅम दुसरीचं, आणि एकच डिस्क दोन ठिकाणी दोन रूपांत दिसते.

आमच्या मुंजीचं नेमकं काय झालं असावं ते आता सांगता येतं. कॅमेऱ्यावर 'वाइड' चालू होतं. टेपेवर चित्र दाबून नोंदलं गेलं, सोबत १६:९ ची चिठ्ठी. दुकानात टेप संगणकावर उतरवताना प्रकल्प ४:३ चा उघडला गेला. चित्र जसंच्या तसं आलं, पण बाहेर पडताना त्याच्यावर ४:३ ची चिठ्ठी चिकटली. दुकानातला रुंद टीव्ही येईल ते चित्र कडेपर्यंत ताणून दाखवत होता. चुकीच्या चिठ्ठीचं चित्र चुकीच्या पद्धतीने ताणलं गेलं आणि दोन चुकांनी एकमेकींना खोडून काढलं. म्हणून तिथे आई आईसारखी दिसली. घरच्या ४:३ टीव्हीने चिठ्ठीवर विश्वास ठेवला, आणि आई उंच झाली.

दुरुस्ती यामुळेच सोपी होती. डिस्कमधलं व्हिडिओ_टीएस हे फोल्डर संगणकावर उतरवलं. आयएफओतली नोंद बदलणारे आणि एमपेगच्या शीर्षकातली नोंद बदलणारे लहान मोफत प्रोग्रॅम मिळतात. दोन्हीकडे ४:३ चं १६:९ केलं आणि नवी डिस्क लिहिली. चित्राचा एकही ठिपका बदलला नाही. पुन्हा एन्कोड करावं लागलं नाही, म्हणून दर्जाही तसूभर घसरला नाही. कुणाच्या घरी अशी लांबट माणसांची डिस्क असेल तर त्यांनी आधी एवढंच करून पाहावं.

पण प्रत्येक डिस्कचा आजार इतका साधा नसतो, कारण कॅमेऱ्यांचं 'वाइड' एकसारखं नव्हतं. या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या गेल्या आणि खरेदीदाराला फरक कुणी सांगितला नाही. याचा मला आजही राग येतो.

पहिला प्रकार खरा. कॅमेऱ्यातला सेन्सरच रुंद किंवा पुरेसा मोठा असतो. वाइड चालू केलं की डावीउजवीकडचं जादा दृश्य आत येतं आणि पाचशे शहात्तरच्या पाचशे शहात्तर ओळी खऱ्या माहितीने भरतात. दुसरा प्रकार दिखाऊ. सेन्सर ४:३ चा, कॅमेरा त्याचा वरचा नि खालचा भाग कापून टाकतो, मधल्या सुमारे ४३२ ओळी उरतात आणि त्याच ताणून ५७६ केल्या जातात. चित्र १६:९ चं खरं, चिठ्ठीही बरोबर, पण पाव तपशील गेलेला. तिसऱ्याला बहुधा 'सिनेमा' असं नाव असे. त्यात वर आणि खाली काळ्या पट्ट्या चित्रातच छापल्या जातात आणि चिठ्ठी ४:३ ची राहते. कॅमेरा हातात असेल तर ओळखायला एक मिनिट लागतं. तो टेबलावर स्थिर ठेवायचा आणि वाइडचं बटण चालू-बंद करायचं. बाजूने खोलीचं जास्त दृश्य दिसू लागलं तर खरा. बाजू तशाच राहिल्या आणि पंखा व फरशी गायब झाली, तर दिखाऊ. दिखाऊ वाइडपेक्षा ४:३ मध्येच चित्रण केलेलं बरं असं माझं स्पष्ट मत आहे. कापायचं असेल तर घरी, विचार करून, प्रत्येक दृश्याला वेगळं कापता येतं. कॅमेऱ्याने टाकून दिलेल्या ओळी मात्र परत आणता येत नाहीत.

काळ्या पट्ट्या छापलेल्या टेपेचं दुखणं रुंद टीव्हीवर कळतं. ४:३ च्या चौकटीत पट्ट्यांसकट चित्र, आणि ती चौकट १६:९ च्या पडद्यात मधोमध. चारही बाजूंनी काळं आणि मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढी मुंज. इथे चिठ्ठी बदलून भागत नाही. पट्ट्या कातरून मधल्या ४३२ ओळी ५७६ कराव्या लागतात, आणि तिथे एक सापळा आहे, जो फार लोकांना ठाऊक नसतो.

पाल चित्र सेकंदाला २५ चौकटींचं, पण प्रत्येक चौकट दोन अर्ध्यांची बनते. एक अर्ध विषम ओळींचं, दुसरं सम ओळींचं, आणि त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर. याला इंटरलेस म्हणतात. अक्षता टाकणारा हात पहिल्या अर्ध्यात एका जागी असतो, दुसऱ्यात थोडा पुढे सरकलेला. आता हे चित्र उभ्या दिशेने लहानमोठं केलं की शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि दोन क्षण एकाच ओळीत कालवले जातात. हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला फणीचे दात फुटतात. आडव्या दिशेने ओढलं तर असं काही होत नाही, कारण प्रत्येक ओळ आपापल्या जागी राहते. म्हणून मी एक नियम धरून ठेवला आहे: आडवं ताणणं निर्धोक, उभं ताणणं जोखमीचं. उभं करायचीच वेळ आली तर आधी दोन्ही अर्धी सुटी करणारा 'डीइंटरलेस' चांगल्या प्रोग्रॅमने करावा, मग आकार बदलावा. त्याचबरोबर कोणतं अर्ध आधी येतं तेही तपासावं. मिनी डीव्हीमध्ये खालचं आधी असतं, एचडीव्ही कॅमेऱ्यात वरचं. हा क्रम उलटला तर चालणारा माणूस पुढे-मागे थरथरत चालतो.

हाच नियम जुनी-नवी दृश्यं एकत्र करताना कामी येतो, आणि घरगुती डीव्हीडीत ही वेळ हमखास येते. आजोबांची पंचाहत्तरी ४:३ मध्ये, धाकट्या काकाचं लग्न १६:९ मध्ये, आणि सगळ्यांना एकच डिस्क हवी. मार्ग दोन. पहिला: डीव्हीडीत 'टायटल सेट' नावाचे कप्पे असतात, एका डिस्कवर ९९ पर्यंत. एका कप्प्यात व्हिडिओचा आकार एकच असावा लागतो, पण दोन कप्प्यांचे आकार वेगळे असू शकतात. पंचाहत्तरी एका कप्प्यात, लग्न दुसऱ्यात, दोन्हींच्या चिठ्ठ्या आपापल्या. कशालाच हात लागत नाही. सर्वांत उत्तम मार्ग हाच. अनेक साधे डीव्हीडी-प्रोग्रॅम मात्र सगळं एकाच कप्प्यात कोंबतात, म्हणून प्रोग्रॅम निवडतानाच हे पाहून घ्यावं.

दुसरा मार्ग तेव्हाचा, जेव्हा दोन्ही चित्रणं एकाच चित्रपटात गुंफायची असतात. तेव्हा डिस्क १६:९ ची करावी आणि ४:३ चं चित्र मध्ये ठेवून डावीउजवीकडे काळ्या पट्ट्या द्याव्यात. ७२० स्तंभांपैकी मधले ५४० चित्राचे, दोन्ही बाजूंना ९० काळे. पाहा, इथे फक्त आडवं आक्रसणं आहे, म्हणजे अर्ध्यांना धक्का लागत नाही. उलट दिशेने, म्हणजे १६:९ चं चित्र ४:३ च्या डिस्कमध्ये बसवायचं तर वर-खाली ७२ ओळी काळ्या आणि मध्ये ४३२, आणि तो सगळा उभा खेळ. शिवाय पाव चित्र कायमचं काळ्याला दिलेलं. डिस्कवर चित्र पूर्ण १६:९ ठेवलं तर ४:३ टीव्हीसाठीच्या पट्ट्या प्लेअर स्वतः जोडतो, आणि घरात रुंद टीव्ही आला की तीच डिस्क पडदाभर दिसते.

काही जण काळ्या पट्ट्या नकोत म्हणून त्या जागी तेच चित्र अंधुक करून भरतात. आजकाल बातम्यांमध्येही हे सर्रास दिसतं. मला ते पटत नाही. डोळा मधल्या माणसावर ठरत नाही, कडेला हलणारे धूसर रंग त्याला ओढत राहतात. काळी पट्टी गप्प बसते.

आणि कापणं? ४:३ चं चित्र कापून १६:९ करायचं म्हणजे वरून-खालून मिळून पाव चित्र टाकायचं. युरोपीय घरातल्या चित्रणात सोफ्यावर बसलेली माणसं असतील तर कदाचित चालून जाईल. आपल्या समारंभांत काय जातं ते पाहा. वाकून नमस्कार करणाऱ्याच्या चित्रातून पाय जातात आणि आशीर्वादाचा वरचा हातही. औक्षणात ताट राहतं, पण पाटावर बसलेल्या मुलाची मांडी नि समोरची रांगोळी जाते. उलट अंतरपाट धरल्याचा प्रसंग रुंद चौकटीसाठीच बनल्यासारखा आहे: मध्ये ताणलेलं वस्त्र, एका बाजूला वधू, दुसऱ्या बाजूला वर, मागे मामा. उभा माणूस ४:३ मध्ये रमतो, पंगत १६:९ मध्ये. म्हणून संपूर्ण टेपेला एकच कात्री लावू नये.

मेनू करतानाही पिक्सेलच्या आकाराचा घोळ होतो. फोटो-प्रोग्रॅममध्ये ठिपके चौरस असतात. तिथे ७२० बाय ५७६ चं चित्र तयार करून डीव्हीडीला दिलं तर नावाची अक्षरं फताडी होतात. रुंद मेनूसाठी चित्र १०२४ बाय ५७६ करावं, ४:३ साठी ७६८ बाय ५७६, आणि मग प्रोग्रॅमला ते ७२० वर आणू द्यावं. तारीख, नावं कडेपासून दहावा भाग तरी आत ठेवावीत. जुने टीव्ही कडा खातात.

डिस्कमध्ये किती वेळ बसवायचा याचा हिशेबही इथेच. साध्या डिस्कची क्षमता ४.७ जीबी. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने एक तास म्हणजे ३.६ जीबी, त्यात आवाजासकट सगळं आरामात मावतं. दोन तास कोंबायचे तर आवाज धरून दर पाचच्या आसपास उतरतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचं हलतं चित्र या दराला चौकोनी ठिगळं दाखवू लागतं. मुंजीच्या दोन टेपा मी दोन डिस्कांवर केल्या.

डिस्क बरोबर असूनही चित्र चुकतं, तेव्हा दोष बहुधा प्लेअरच्या सेटिंगात असतो. तिथे टीव्हीचा आकार विचारलेला असतो आणि तीन उत्तरं असतात: ४:३ लेटरबॉक्स, ४:३ पॅन-स्कॅन, १६:९. घरातला टीव्ही बदलला तरी हे उत्तर जुनंच राहतं. पॅन-स्कॅन ठेवलं तर प्लेअर रुंद चित्राचा फक्त मधला भाग दाखवू शकतो, कडेची आत्या गायब. डिस्क करताना 'फक्त लेटरबॉक्स' अशी खूण करता येते, ती जरूर करावी. तार पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांची असेल तर १६:९ ची सूचना टीव्हीपर्यंत पोचेलच असं नाही. एचडीएमआयमधून ती व्यवस्थित जाते. आणि रिमोटवरचं 'फुल' किंवा 'झूम' बटण कुणीतरी दाबून ठेवलेलं नाही ना, तेही पाहावं. पडदा पूर्ण भरला पाहिजे, नाहीतर टीव्हीचे पैसे वाया गेले, असं अनेकांना मनापासून वाटतं. त्या नादात दूरदर्शनच्या जुन्या मालिकांतली सगळी पात्रं आपण वर्षानुवर्षं जाडजूड पाहिली आहेत.

अमेरिकेतल्या नातलगांना डिस्क पाठवताना आणखी एक अडचण येते. तिकडची पद्धत एनटीएससी, चौकट ७२० बाय ४८०, सेकंदाला जवळपास ३० चौकटी. आपल्याकडचे बरेच प्लेअर दोन्ही पद्धती वाचतात, तिकडचे पुष्कळसे पाल नाकारतात. पालचं एनटीएससी करणं म्हणजे ओळी आणि चौकटी दोन्ही बदलणं, म्हणजे उभं ताणणं आलंच. त्यापेक्षा फाइल पाठवावी. फाइल मात्र चौरस ठिपक्यांची करावी, डीइंटरलेस केलेली, १०२४ बाय ५७६. फोनवरचे नि इंटरनेटवरचे काही प्रोग्रॅम चिठ्ठी वाचतच नाहीत, त्यांच्यासाठी चित्रालाच योग्य आकार देऊन टाकणं शहाणपणाचं. ही प्रत वाटण्यासाठी. मूळ डीव्ही फाइल, जी टेपेवरून फायरवायरने जशीच्या तशी उतरते आणि तासाला सुमारे १३ जीबी जागा घेते, ती वेगळी, हात न लावता ठेवायची. टेपा म्हाताऱ्या होतात आणि त्या चालवणारे कॅमेरे त्यांच्याहून आधी बंद पडतात. कॅमेरा चालतो आहे तोवर हे काम उरकावं.

फोनच्या चित्रणातही चिठ्ठी आहेच, वेगळ्या वेशात. फोन उभा धरला तरी पुष्कळ फोन चित्र आडवंच साठवतात आणि सोबत 'नव्वद अंश फिरवा' अशी नोंद ठेवतात. जुन्या प्रोग्रॅमने ती वाचली नाही की माणसं आडवी पडतात. उभं चित्रण १६:९ च्या डीव्हीडीत घ्यायचं तर ५७६ ओळींच्या उंचीला चौरस ठिपक्यांच्या हिशेबाने रुंदी ३२४ येते. दोन्ही बाजूंना मोठे काळे पट्टे राहतात, ते राहू द्यावेत.

आकार बरोबर आहे की नाही हे नुसत्या नजरेने ठरवू नये. नजर फार लवकर सरावते, आमची सरावली होतीच. चित्रात समोरून दिसणारी एखादी गोल वस्तू शोधावी. ताट चालत नाही, ते तिरपं दिसतं आणि तिरपं वर्तुळ लांबटच असतं. मंगल कार्यालयातलं भिंतीवरचं घड्याळ उत्तम. चित्र थांबवायचं, पडद्यावर पट्टी लावायची, रुंदी आणि उंची मोजायची. आमच्या जुन्या डिस्कमध्ये घड्याळ ९ सेंटीमीटर रुंद आणि १२ उंच भरलं. ९ ला १२ ने भागलं की पाऊण येतं, आणि ४:३ ला १६:९ ने भागलं तरी पाऊणच. चिठ्ठी चुकल्याची याहून स्वच्छ साक्ष मिळत नाही.

दुरुस्त केलेली डिस्क त्याच ट्यूबच्या टीव्हीवर लावली. वर आणि खाली काळ्या पट्ट्या आल्या, मध्ये मांडव पसरला. घड्याळ ९ बाय ९. पुढच्या दृश्यात आई भिक्षावळीला आली. भाची शेजारी बसली होती. मी चित्र थांबवलं, तिने माझ्या हातातून पट्टी घेतली आणि आजीच्या कपाळावर लावली.